सावली सोडून

"जमलं की गं!" शेजारच्या टेबलावरून नझीर ओरडला. "ऊन बदललं तरी तुझा प्रोग्राम आता सावलीला माणूस समजत नाही."

चारुता महिनोन्महिने संगणकाला हेच शिकवत होती: चित्रातला माणूस हिरवा रंगव, सावली सोडून दे.

शेवटची चाचणी म्हणून तिने घरचा जुना व्हिडिओ लावला. मावळत्या उन्हात छोटी चारुता अंगणात तीनचाकी फिरवत होती. प्रोग्रामने तिला अचूक हिरवं केलं. तिच्या चाकांपर्यंत आलेली लांब सावली जमीन समजून सोडली.

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटोही सापडला नव्हता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. चित्रात आली ती एवढी सावलीच.

"काय गं, चुकला?" नझीरने विचारलं.

"चुकला," म्हणत तिने माउस धरला आणि सावली हिरवी रंगवायला घेतली.