सूर्यास्त किती वाजता?

सांगलीहून कोयनेच्या काठावर सहलीला येताना वर्धमानच्या मोबाईलवरचा नकाशा मध्येच बंद पडला आणि गाडी दोन तास भलत्याच रस्त्याने फिरत राहिली. त्याची आई चंदनबाला सकाळपासून उपाशी होती. बाहेरचं ती खात नसे आणि सूर्य मावळल्यावर तर पाण्याचा घोटही घेत नसे. मुक्कामाच्या बंगल्यावर पोचताच वर्धमानच्या बायकोने घाईघाईने खिचडी करून सासूचं ताट वाढलं. पण आभाळ भरून आलं होतं, सूर्य कुठेच दिसेना.

"मावळला असंल रं," आई म्हणाली. मनात शंका असली की ती घास उचलायची नाही.

"न्हाई आई, वेळ हाय अजून. थांब, नेटवर बघून सांगतो."

फोनवरचं चाक नुसतंच गरगरत राहिलं. वर्धमान गॅलरीत गेला, अंगणात गेला, मग फोन डोक्यावर धरून मागचं टेकाड चढू लागला.

"आवं पावणं, रेंज हुडकतासा का सूर्य?" खालून राखणदार ओरडला.

माथ्यावर एकदाची रेंज आली आणि उत्तर उमटलं. आजचा सूर्यास्त सात वाजून चार मिनिटांनी. घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली होती. तो आईच्या ताटासमोरून उठला, तेव्हा पावणेसात वाजले होते.

धापा टाकत तो परत आला.


आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "तू तरी जेवून घे रं, लय फिरलास."