मौनीचा पवित्रा

"थांब. ते पान उलटू नको," चतुराबाई म्हणाल्या.

सुरुचीनं बोट पानावर धरून ठेवलं. सुट्टीला पुण्याहून परतूरला आली की ती आजीला काहीबाही वाचून दाखवायची. या खेपेला तिनं सुपरहीरोंचं कॉमिक आणलं होतं. चतुराबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण चित्र बघायला कुठं शाळा लागते? तंग चड्ड्या घालून आभाळात उडणाऱ्या नायकांना त्यांनी पहिल्याच पानावर निकालात काढलं होतं. एवढी ताकद असून मेल्यांना धड कपडे मिळंनात, म्हणाल्या.

खलनायक मात्र वेगळा होता. नाव मौनी. तोंडाला काळं फडकं, हातात साधी वेताची काठी, आणि सगळ्या पुस्तकात एक शब्द बोलत नव्हता. हातातून विजा फेकणारा आला, तो चिखलात. लोखंडी अंगाचा आला, त्याच्या गुडघ्यामागं मौनीनं काठी नुसती टेकवली आणि तो मातीच्या भिंतीसारखा बसला. समोर सगळे नायक एकत्र उभे, आणि हा एकटा. डावा पाय मागं, काठी मानेमागून आडवी, नजर जमिनीवर.

चतुराबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेणुकाईच्या देवळात जुळतात तसे त्यांचे हात आपोआप जुळले होते.

"हा पवित्रा सांगणारा माणूस जगात एकच हाय," त्या म्हणाल्या. "माझा वसंता जित्ता हाय."

वसंता त्यांचा धाकटा भाऊ. पिंपळगाव रेणुकाईला त्यांच्या वडलांचा काठीचा आखाडा होता. लेकीबाळींना त्याचा उंबरा बंद; बघायचं ते कुडाच्या फटीतून. त्या घरची एक रीत होती: नवस बोललेला गडी नागपंचमीला तोंडाला काळं फडकं बांधून उतरायचा, आणि खेळ संपेपर्यंत मुका राहायचा. त्या वर्षी नवस वसंताच्या नावानं होता. दोन दिवस पोरगं तापानं फणफणलेलं. पण वडलांनी गावाला शब्द दिलेला. बराबर वेळेला फडकं बांधलेला गडी आखाड्यात उतरला आणि त्यानं एकामागं एक सात जणांच्या काठ्या उडवल्या. टाळी वाजवायचंसुद्धा लोकांना सुचलं नाही. तिन्हीसांजेला गावानं वसंताला घरून उचललं आणि खांद्यावर मिरवलं.

पुढच्या पंचमीला भोकरदनचा एक नामी गडी त्याला आव्हान द्यायला आला. त्याच पहाटे वसंता घर सोडून गेला, तो गेलाच. सात जणांना लोळवणारा आठव्याला का भ्याला, हे कोडं गावाला सुटलं नाही. पन्नास वर्षं उलटली. चतुराबाई त्यावर कधी बोलल्या नाहीत. फक्त दर राखीपौर्णिमेला एक राखी देवापुढं ठेवत आल्या, मेल्याची म्हणून की जित्याची म्हणून, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सुरुचीनं कॉमिकच्या मागच्या पानावरून चित्रकाराचा नंबर काढला. अपूर्व नाव, जालन्यात कचेरीत नोकरी, सांजेला चित्रं. त्यानं सांगितलं की मौनी त्याला खालच्या मजल्यावरच्या वसंतकाकांनी सांगितला. निजामाबादेत हळदीच्या गिरणीत जन्म काढून आता लेकीकडं राहायला आलेले. अपूर्वला मौनीला नायक करायचं होतं. काकांनी बिलकुल ऐकलं नाही. म्हणाले, याच्यापायी एका माणसाचं गाव सुटलं, याला नायक करू नको. पण याला हरवणारा मात्र कधी आणू नको.

चतुराबाईंनी उठून ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं.

सून बेबीनंदा म्हणाली की ज्यानं पन्नास वर्षांत एक चिठ्ठी धाडली नाही, त्याच्या दारात आपण होऊन कशाला जायचं. चतुराबाईंनी तिला भाजीत मीठ बराबर टाकायला शिकण्याचा सल्ला दिला आणि सकाळची गाडी धरली.

गाडीत सुरुचीनं विचारलं, "आजी, त्यांनी घरात घेतलं न्हाई तर?"

"तर त्याचा हक्कच हाय," चतुराबाई म्हणाल्या, आणि जालना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दार वसंतानंच उघडलं. वाळून काटकी झालेला. त्यानं बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लई उशीर केलास, अक्का."

"पत्ता ठिवून गेल्तास का?"

तो हसला, मग खाली वाकून पाय धरले ते सोडीचना. चतुराबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चहा झाला. वरून अपूर्व आला, वही-पेन्सिल घेऊन. मौनीचा नवा अंक काढत होता. वसंतापुढं तो गुरूपुढं बसावं तसा मांडी घालून बसला. म्हणाला की तीन वर्षं ऐकून ऐकून काढून राह्यलो, राज्यभरातून पोरं विचारतात हा माणूस खरा आहे का. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

"काका, आज बहीण पण आलीये. एकदाच उभे राहून दाखवा."

वसंता भिंतीला धरून उठला. कोपऱ्यातली लांब काठी त्यानं घेतली. अपूर्वनं वही उघडली, सुरुचीनं हातातली कपबशी खाली ठेवली. काठी टेकत टेकत तो खोलीच्या मधोमध आला, तिथं थांबला नाही, तसाच पुढं चालत गेला आणि काठी चतुराबाईंच्या हातात दिली.

"मला ते कवाच आलं न्हाई, पोरा," तो म्हणाला. "अक्का, दाखीव त्याला."