मेनासीची जागा

तेकोमानं गाठोडं सोडलं आणि एकेक वस्तू चटईवर मांडली. हरणाच्या कातड्याचा सदरा, विणलेला कमरपट्टा, कधीच पायात न घातलेले जोडे. सगळं एका तरुण मुलाच्या अंगाचं. मग ती पेशिकामोसमोर बसली.

एके काळी पेशिकामोच्या एका हाकेवर अमेरिकेतल्या सॉक जमातीची शेकडो माणसं घोड्यावर बसत. लढाई हरल्यावर गोऱ्यांनी त्याला आपल्या शहरांतून फिरवलं, गर्दीला दाखवलं आणि आयोवा नदीच्या काठावर परत आणून सोडलं. जाताना पितळी बटणांचा एक कोटही दिला. तो कोट अंगात घालूनच म्हातारा बसला होता, कारण हवेत गारठा होता आणि दुसरं पांघरूण नव्हतं.

"चौथा उन्हाळा संपला, काका," तेकोमा म्हणाली. "पानं गळायच्या आत माझ्या मेनासीच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं."

म्हाताऱ्याला हे सांगायची गरज नव्हती. मेलेल्या मुलाची जागा त्याच्याच वयाच्या कुणी घेतली, त्याच्यासाठी शिवलेले कपडे घातले, त्याच्या आईला आई म्हटलं, की त्याचा जीव सुटतो आणि पश्चिमेच्या वाटेला लागतो. तोवर तो आईच्या चुलीभोवतीच घोटाळत राहतो. चार वर्षं उलटली, की मग ती वाटच बंद होते.

काठावरच्या सगळ्या वस्त्या ती पालथ्या घालून आली होती. एकोणीस-वीस वर्षांची पोरं मोजकीच उरली होती. त्यातला प्रत्येक जण आधीच दोघा-तिघांच्या जागी उभा राहिलेला. शेवटच्या वस्तीत एका बाईनं तिला तोंडावर सांगितलं होतं, की ज्यानं पोराला लढाईला नेलं त्याच्याकडेच जाऊन माग.

"मी त्याला म्हटलं होतं, पेरणी होऊ दे, मग जा," तेकोमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तो म्हणाला, आई, पेशिकामोचा शब्द आहे. उत्तरेकडून दारूगोळा येणार आहे."

दारूगोळा आला नव्हता. तो येईल असं पेशिकामोलाही दुसऱ्या कुणी सांगितलं होतं. गेली चार वर्षं भेटेल त्याला तो हेच ऐकवत आला होता. आज त्यानं ते सांगितलं नाही.

"माझा शब्द खोटा निघाला," तो म्हणाला.

मग त्यानं अपानोला हाक मारली. अपानो बाहेर जाळं दुरुस्त करत होता. एकोणीस वर्षांचा, म्हाताऱ्याचा उरलेला एकुलता मुलगा. त्याची आई लढाईनंतरच्या पळापळीत दलदलीत उपासमारीनं गेली होती, तेव्हापासून झोपडीत ही दोघंच.

अपानोनं चटईवरचे कपडे पाहिले, तेकोमाकडे पाहिलं, आणि सांगायच्या आधीच त्याला सगळं कळलं.

"हुकूम करायचे माझे दिवस गेले," म्हातारा म्हणाला. "विचारतोय."

अपानो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी पळताना मोठी नदी ओलांडली, तेव्हा घोड्याचं शेपूट आधी माझ्या हातात नव्हतं, बाबा. ते मेनासीनं धरलं होतं. मी बुडायला लागलो तेव्हा त्यानं ते माझ्या हातात दिलं."

चार वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तेकोमानं तोंडावर हात घेतला. अपानोनं अंगातला सदरा काढला.

नवा सदरा त्याला बरोबर बसला. तेकोमानं बाह्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. जोडे मात्र म्हाताऱ्यानं स्वतः वाकून त्याच्या पायांत घातले आणि वाद्या बांधल्या. त्याच्या बोटांना गाठ जमेना. अपानोनं मदतीला हात पुढे केला, तो त्यानं बाजूला सारला.

तेकोमाच्या भावाची माणसं दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या काठावरून दक्षिणेला, मिसूरी नदीकडे निघणार होती, आणि तीही त्यांच्याबरोबर. तिनं सांगून टाकलं, की पोराला मी नेत नाही. त्यानं इथंच राहावं, कधी मेजवानीला आला तरी मला पुष्कळ.

"तुझं सरपण कोण आणणार? शिकार कोण करणार?" म्हाताऱ्यानं विचारलं. "तू शिवलेले कपडे घालून तो माझ्या झोपडीत झोपला, तर तुझा मुलगा कसला? घेऊन जा."

मेनासीच्या बापाच्या कुळातलं कुणी मोठं माणूस उरलं नव्हतं, म्हणून निरोपाचे शब्दही पेशिकामोलाच म्हणावे लागले. त्यानं चिमूटभर तंबाखू विस्तवात टाकली आणि मावळतीकडे तोंड केलं.

"मेनासी, तुझी जागा भरली. आता निघ. मागं वळून पाहू नकोस."

थोड्या वेळानं होडी काठापासून सुटली. पुढे तेकोमा, मागे अपानो. तो ताठ बसून वल्हवत होता. नदीच्या मध्यावर पोचले तरी त्याची मान मागं वळली नाही. तेकोमानं त्याच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. तिनं वल्हं मांडीवर घेतलं.

"पोरा, ते शब्द त्याच्यासाठी होते," ती म्हणाली. "तू पाहा."

अपानोनं वळून पाहिलं. काठावर म्हातारा नदीकडे पाठ करून उभा होता.