सातवी पायरी

जुनी घरं मोजून कागदावर उतरवणं हे त्याचं काम. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, हा त्याचा शिरस्ता. आणि जिना दिसला की आधी पायऱ्यांची झीज बघायची.

या घराच्या लाकडी जिन्यात अकरा पायऱ्या मधोमध वाटीसारख्या झिजल्या होत्या. सातवी तेवढी कोरी करकरीत, रंध्याच्या खुणांसकट.

"ही नंतर बदलली का?" त्याने घरमालकिणीला विचारलं.

"छे हो. आजेसासऱ्यांपासून जिन्याला कुणी हात लावलेला नाही."

बोलता बोलता ती वाळलेले कपडे घेऊन वर निघाली. तिचा पाय सहावीवरून थेट आठवीवर पडला.

"सातवी सोडलीत तुम्ही."

"मी? काहीतरीच तुमचं," म्हणत ती हसत वर गेली.

त्याने खाली पाहिलं. सकाळपासून तोही चार वेळा वर-खाली करून आला होता. धुळीत त्याच्या बुटांचे ठसे सगळीकडे होते, सातवीवर एकही नव्हता.

फळीची जाडी घ्यायची म्हणून त्याने जिन्याखालचं कपाट उघडलं, वाकून आत शिरला आणि सातवीच्या पोटाला हात लावला.

ती खालून झिजली होती. मधोमध, वाटीसारखी.

त्याने पट्टी लावली. खोली अकरा मिलिमीटर. वहीत लिहिलं.

मग शिरस्त्याप्रमाणे पट्टी पुन्हा लावली.

बारा.