लिपान शिकायला आलेली बाई

ब्लाझ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. अंगात घरातला लोकरी स्वेटर, पायांत घरातल्या सपाता. हातातल्या छडीची दोरी तो पाण्यावर फेकत होता, ओढून घेत होता, पुन्हा फेकत होता. दोरीच्या टोकाला गळच नव्हता.

"ब्लाझ! बाहेर ये! ऐकतोस ना?" नेझा काठावरून ओरडली.

त्याने बायकोकडे वळून पाहिलं आणि एक पाऊल आणखी आत टाकलं.

सकाळपासून ती त्याला शोधत होती. गोठा झाला, चर्च झालं, पूल झाला. सापडला तो इथे. नोव्हेंबरातलं सावा नदीचं पाणी. तरणाताठा माणूसही त्यात फार वेळ टिकत नाही. ब्लाझ एकाहत्तर वर्षांचा होता. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर डोह होता. तिने फोन केला तेव्हा बचाव पथकातला माणूस म्हणाला होता, "निघालोच. अर्धा तास लागेल."

अर्धा तास कुठून आणायचा?

तिने विनवलं. रागावून पाहिलं. शेवटी ती रडायलाच लागली. ती जितक्या हाका मारी, तितका तो मागे सरके. डोह आता पाच पावलांवर आला होता.

"अहो बाई, ओरडू नका!" तो वैतागून म्हणाला. "लिपान बुजतात. कुठून येतात ही माणसं!"

'अहो बाई.'  नेझाने डोळे पुसले. पस्तीस वर्षं हा माणूस परक्या पाहुण्यांना या नदीतले लिपान मासे धरायला शिकवत आला होता. ती घसा खाकरून म्हणाली, "माफ करा हं. तुम्हीच ना ते मासेमारी शिकवणारे? मी शिकायला आले आहे."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आज पहिल्यांदाच ती त्याला 'तुम्ही' म्हणाली.

त्याची छडी थांबली. "मग काठावर काय शिकणार? या की आत."

नेझाला पोहता येत नव्हतं. ती पाण्यात उतरली. गुडघे, मांड्या, मग कंबर. थंडीने श्वास अडकला. पायाखालचा गोटा फिरला आणि ती कलंडली. त्याच क्षणी एक हात तिच्या दंडाला घट्ट बसला.

"असले जोडे घालून नदीत उतरतात होय?" सपाता घातलेला ब्लाझ तिला म्हणाला. "शहरातली माणसं तुम्ही! माझ्या खालच्या अंगाला राहा. धार मी अडवतो."

त्याने छडी तिच्या हातात दिली. त्याची बोटं लाकडासारखी झाली होती, तरी शिकवणं सुटलं नाही. "लिपानचं तोंड नाजूक. हिसका द्यायचा नाही, फाटतं. नुसतं मनगट उचलायचं. आणि धरलात ना, तर हात हुंगून बघा. ओव्यासारखा वास येतो."

"मला थंडी वाजतेय," नेझा म्हणाली. ते खोटं नव्हतं. तिचे दात वाजत होते.

तो लगेच वळला. "बस, शिकवणी संपली. शिकणारा कुडकुडायला लागला की आधी काठ. पाय उचलू नका, सरकवा. मी आहे."

तोच तिला पुढे घालून, धारेला अंग देत, एकेक पाऊल चाचपत काठाकडे घेऊन आला. आधी तिला वर चढवलं, मग स्वतः चढला आणि गवतावर मटकन बसला. नेझाने काठावर टाकलेला आपला कोट त्याच्याभोवती गुंडाळला, त्याची पाठ चोळली, हात चोळले. दुरून गाडीचा भोंगा ऐकू येऊ लागला.

तिला राहवलं नाही. "घरी कोणी आहे का हो तुमच्या?"

"आहे ना. बायको." मग त्याचा चेहरा एकदम घाबरा झाला. तो उठायची धडपड करू लागला. "पण ती आता घरी नसेल. मी न सांगता निघालो. माझी नेझा एकटीच मला शोधत फिरत असेल, या थंडीत." त्याने तिचा हात धरला. "चला बाई, उठा. आधी तिला शोधू."