मुळीचा लाल

तिसरी काचही काळवंडली.

डॉक्टर हयग्रीवराव ती फोटोची ओली काच घेऊन अंधाऱ्या खोलीतून व्हरांड्यात आले. काचेवर कपाटाच्या किल्लीची आकृती स्पष्ट उमटली होती.

"बघा, भीमसेनराव. पाच मिनिटं ही काच तुमचं कापड लावलेल्या दिव्याखाली होती, वर किल्ली. कापड पक्कं असतं तर किल्लीची खूण उठलीच नसती. उजेड गळतोय."

"एवढा लाल आहे की, स्वामी," भीमसेन रंगारी म्हणाला.

"डोळ्याला लाल. काचेला नाही."

दवाखान्याची नवी एक्स-रे खोली तयार होती. यंत्र आलं होतं, टेबल आलं होतं, खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. फक्त अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याची लाल काच वाटेत फुटली होती, आणि फोटोच्या काचेला लालखेरीज दुसरा उजेड चालत नाही. दुसरी विलायतेहून यायला दोन महिने. म्हणून दिव्याच्या डब्याला लाल कापड लावायचं ठरलं आणि भीमसेनला बोलावलं. पहिलं कापड त्याने बाजारच्या पुडीच्या रंगाचं आणलं होतं, पुढची दोन झाडाच्या मुळीच्या. तिन्ही फुकट गेली.

बाकावर अंबुबाई बसली होती. ती नजरबादच्या पागेतली खोगिरं शिवायची. चार दिवसांपूर्वी दाभणासारखी जाड सुई तळहातात घुसून आत मोडली होती. हात कोपरापर्यंत सुजला होता.

"भीमण्णा, तुमचा लाल या दसऱ्याला येणार की पुढच्या?"

भीमसेन व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत आला. पुन्हा गेला.

"बसा की हो! तुमच्या येरझाऱ्या बघून माझा हात जास्त ठणकतो. आणि सकाळपासून काखेत ते गाठोडं काय? सोनं आहे का?"

"विकायचं नाही ते," भीमसेन म्हणाला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "सुई नेमकी कुठे आहे ते आज दिसलं पाहिजे. नाही तर उद्या हात चाचपडत चिरावा लागेल. भीमसेनराव, संध्याकाळपर्यंत एक गडद कापड रंगवून आणा."

"जमायचं नाही."

"का?"

"रंग तुरटीवर धरतो, स्वामी. तुरटीचं पाणी माझी बायको, तुंगा बघायची. जिभेला लावायची आणि 'साकु' म्हणायची. साकु म्हणजे पुरे, मग मी थांबायचो. लग्न करून या धंद्यात आलो तेव्हापासून चाळीस वर्षं तसंच चाललं. आता मीच लावतो जिभेला." तो खांबाला धरून उभा राहिला. "मला सगळं सारखंच लागतं."

अंबुबाईने सुजलेला हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि ओठ दाबून धरले.

भीमसेन पुन्हा टोकाला गेला. तिथेच पाठमोरा उभा राहून त्याने गाठोड्याची गाठ सोडली. सैल बांधलेली गाठ, पण त्याला वेळ लागला.

आतलं कापड गडद होतं, काळपटाकडे झुकलेला लाल. अंबुबाई उठून उभी राहिली.

"अय्यो भीमण्णा. हे तर आम्ही तुंगाक्काला शेवटचं नेताना तिच्यावर घातलं तेच."

"त्यातलंच. निम्मं उरलं होतं."

डॉक्टरांनी कापड उजेडात धरून पाहिलं, दुहेरी केलं, पुन्हा पाहिलं. मग हातभर मोजून फाडण्यासाठी दोन्ही मुठींत धरलं.

"फाडू नका, स्वामी. कात्री घ्या."

डॉक्टरांनी आतून कात्री आणली. कापड भीमसेनने स्वतः कापलं.

चौथी काच बाहेर आली तेव्हा ती कोरी होती. डॉक्टरांनी ती तिरकी धरली, उन्हात फिरवली. किल्लीची खूण कुठेच नव्हती.

"चला, अंबुबाई," ते म्हणाले. "हात हलवायचा नाही. यंत्र कडकडलं तरी नाही."

"तोफा उडाल्या तरी आमच्या घरात कोणी हललं नाही," अंबुबाई म्हणाली. पण आत जाताना तिने भीमसेनकडे वळून पाहिलं.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी भीमसेनला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. काच औषधात असताना थाळी हलवायला माणूस हवा होता. दार लागलं. डब्यातून लाल उजेड टेबलावर पडला होता.

भीमसेनने हात पुढे केले आणि थबकला. मनगटापर्यंत मुरलेला लाल रंग दिसत नव्हता. त्या उजेडात हात कोरे होते, लग्नाआधी होते तसे. त्याने ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"हलवा," डॉक्टर म्हणाले.

त्याने थाळीच्या कडा धरल्या. औषध या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ लागलं. काचेवर हळूहळू काळं चढलं. बोटांची हाडं फिकट राहिली. मग तळहाताच्या मधोमध, अंगठ्याच्या बाजूला, एक बारीक सरळ रेघ राहिली. हाडांहून फिकी.

"सुई," डॉक्टर कुजबुजले. मग त्यांचा आवाज बदलला. "काच आता काढू की ठेवू? पुस्तकात मिनिटं दिली आहेत, पण ती तिकडच्या थंडीतली. इथे पाणी कोमट आहे."

भीमसेन थाळीत बघत होता. काळं अजून चढत होतं. कडेने बोटं बुडायला लागली होती.

"साकु," तो म्हणाला.

डॉक्टरांनी काच उचलली. भीमसेन नुसत्या औषधाची थाळी हलवतच राहिला.