सरांचं कोपर

सदर भागातल्या एका अंधशाळेत नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू होतं. त्या दिवशी, नुकतीच तिथे शिकवू लागलेल्या करिष्माच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि प्रशिक्षण देणाऱ्या धर्मेंद्र सरांचं कोपर धरून ती मैदानातून चालत होती. मधोमध आल्यावर ते कोपर हातातून निसटलं.

"सर?"

तिनं हात पसरले, पण हाताला ना भिंत लागली, ना झाड, ना माणूस. कुठूनतरी बसचा हॉर्न आला, आणि फाटक नेमकं कोणत्या बाजूला आहे हेच तिला आठवेना. पाय उचलायचीही भीती वाटू लागली.

"सर, तुम्ही आहात ना?" या वेळी तिचा आवाज रडवेला झाला होता.

बऱ्याच वेळानं कोपर पुन्हा हाताला लागलं. तिनं ते घट्ट धरलं.

"काहून सोडून गेले सर मले असं? जातो म्हणून सांगाचं तरी."

सर हळूच म्हणाले,

"काल तुम्ही फोन घ्यायले वर्गाबाहेर गेल्या, अन् तिसरीतली पिंकी तुमच्या रिकाम्या खुर्चीले कविता म्हणून दाखवून राहिली होती."